राघूच्या शेपटीचं कणीस

यंदाही हंगाम सुरू झाल्याची बातमी मला गाण्यांनी दिली. दिवाळी उरकून दुकानात निवांत पेपर वाचत बसावं, तर हायवेवरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर येतो. त्याच्या टेपचा दणका आधी काउंटरच्या काचेला लागतो, मग माझ्या छातीला, आणि त्यानंतर गाणं कुठलं ते कळतं. तोवर ट्रॅक्टर पुढे गेलेला असतो आणि रस्त्यावर उसाची दोन-चार टिपरं पडलेली असतात. ती दिसली की समजायचं, कारखान्याचा बॉयलर पेटला, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या आणि आता उन्हाळा लागेपर्यंत मिरजगावात कुणी कुणाशी साध्या आवाजात बोलणार नाही.

माझं दुकान रेडियमचं. गाड्यांवर लावतात तो चमकणारा चिकट कागद, त्याला सगळे रेडियम म्हणतात. त्यातून नावं, देव, वाघ, गरुड आणि गाडीमालकाच्या मनातल्या धमक्या कापून द्यायच्या, हा माझा धंदा. ‘नाद’ हा शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा कापला तितक्या वेळा कुठल्या गवयाने उच्चारला नसेल. त्याआधी मी ब्रशने बोर्ड रंगवायचो. ब्रश सुटून जमाना झाला, पण गिऱ्हाईक अजून मला पेंटरच म्हणतं.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांसारखं हौशी गिऱ्हाईक दुसरं नाही. बायकोची साडी पाच मिनिटांत पसंत करणारा माणूस हुडाच्या पट्टीचा रंग पिवळा की नारिंगी यावर माझे दोन चहा संपवतो. हूड म्हणजे ट्रॅक्टरवरचं छत. त्याच्या कपाळावर जे लावायचं ते लांबून दिसलं पाहिजे, शेजाऱ्याच्या हुडापेक्षा मोठं पाहिजे आणि आजच पाहिजे, कारण उद्या पहिली खेप. हे सगळं तो ट्रॅक्टर चालू ठेवून सांगतो. मी ओठांच्या हालचालीवरून समजून घेतो.

या दिवसांत दुकानाला एक खास वास असतो. कोऱ्या रेडियमचा प्लास्टिकचा वास, डिझेलचा धूर, आणि पलीकडच्या शिवारात पाचट पेटवलं असेल तर त्याची काळी भिरभिरणारी राख. ती राख नेमकी मी चिकट बाजू उघडली की त्यावर येऊन बसते. एका गरुडाच्या डोळ्यात अशी राख अडकली, तर मालक म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, जिवंत वाटतुया.”

पण असे कितीही हंगाम आले-गेले तरी मला मनातून एकच हंगाम आठवतो. त्याला मी पालीचा हंगाम म्हणतो.

त्याचं असं झालं. माझा जुना कॉम्प्युटर म्हणजे एक भला थोरला पांढरा डबा होता. पांढरा तो पूर्वी होता. पुढे तो दुधाच्या चहासारखा झाला. त्यात डिझाइनचा एक फार जुना प्रोग्राम होता, त्याची नववी आवृत्ती. म्हणून दुकानात त्याचं नाव नऊ नंबर. कंपनीने त्यानंतर कितीतरी आवृत्त्या काढल्या, पण मी नऊ नंबरवरच संसार केला. त्याची बटणं कुठे आहेत हे माझ्या हाताला माहीत होतं, डोळ्यांना विचारावं लागत नव्हतं. आणि तो माझ्या कटरशी बोलायचा. कटर म्हणजे रेडियम कापणारं यंत्र. कागद पुढे-मागे सरकतो, त्यावर एक बारीक पातं डावी-उजवीकडे धावतं आणि चर्र-चर्र करत गणपती कापून मोकळं होतं.

ऐन हंगामाच्या तोंडावर थंडी पडली आणि एक पाल उबेसाठी त्या डब्याच्या पोटात शिरली. मी सकाळी बटण दाबलं. ‘फट्’ असा आवाज झाला, मागच्या जाळीतून एक निळी ठिणगी आणि अतिशय वाईट वास बाहेर आला. डबा आणि पाल, दोघेही एकाच क्षणी गेले. मला दोघांचंही वाईट वाटलं, पण सारखं नाही.

नवीन कॉम्प्युटर आणला. काळा, चपटा, आवाज न करणारा. सुरू आहे की बंद हे हात लावून पाहावं लागे. त्यातली सिस्टीम इतकी अदबशीर की प्रत्येक गोष्ट विचारून करायची. हे उघडू का? यावर तुमचा विश्वास आहे का? नक्की ना? मी नऊ नंबरची जुनी सीडी शोधून काढली. तर नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नव्हतं. बाहेरून जोडायचं तोंड विकत आणलं. सीडी गरगरली आणि पडद्यावर एक निळी पाटी आली, हे ॲप तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. खाली एकच बटण होतं, बंद करा. एरवी प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या माणसाने इथे मात्र काहीच विचारलं नाही.

मग काय, नवीन आवृत्ती घेतली. एक जोडणीची वायर बदलली आणि कटर चालायला लागला. नव्या प्रोग्रामचं काम देखणं, यात शंका नाही. वळणं लोण्यासारखी. मोठं डिझाइन पाठवलं तरी दम लागत नाही. आठ दिवसांत मी नऊ नंबरला विसरून गेलो. त्याचं श्राद्ध घालायचंच काय ते राहिलं होतं.

आणि तेवढ्यात दत्तू आला.

दत्तूची वस्ती मिरजगावच्या पुढे, कारखान्याच्या रस्त्यालाच. चाळिशीचा माणूस, आवाज असा की ट्रॅक्टर बंद केला तरी चालू असल्यासारखा वाटतो. त्याने त्या वर्षी नवीन हूड करून घेतलं होतं. जुनं गंजलेलं हूड भंगारात गेलं, आणि त्याच्या कपाळावरचा राघूही त्याच्याबरोबर गेला. हा राघू मीच कधीकाळी कापून दिलेला. सुपाएवढा, पिवळाधमक, मान वळवून मागे बघणारा.

“पेंटर, राघू पायजे,” दत्तू म्हणाला. “पन आता जरा भारीतला.”

मी इंटरनेटवरून एक राघू उतरवला. काय राघू होता! पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं, शेपटी कमानीसारखी, चोच अशी की आता डाळिंब फोडेल. दत्तूने तो मिरवला. तो बघून त्याच रस्त्याच्या आणखी चार ट्रॅक्टरवाल्यांनी तोच मागितला, आणि मी कापून दिला. धंदाच आहे तो.

आता इथे दत्तूच्या आईला आत आणायला हवं. भामाआत्या. सगळी वाडी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही. तिची शुगर वाढलेली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, “मेल्यावर उघडंच ऱ्हात्यात डोळं, आता कशाला कुनाच्या हाती देऊ?” दत्तू सकाळी उसाची खेप घेऊन जायचा, कारखान्यावर नंबर लागला की रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतायचा आणि दुसऱ्या फडाकडे निघताना दिवस मावळायच्या सुमाराला वस्तीवरून जायचा. तो थांबत नसे. टोळी वाट बघत असायची. आत्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहायची. राघू गेलेला दिसला की उठायची, भाकरी खायची, गोळी घ्यायची. त्याआधी घास तोंडात घालायची नाही. असं सगळा हंगाम, दर हंगामाला.

तुम्ही म्हणाल, फोन आहे की. दत्तूही तेच म्हणायचा. आत्याचं उत्तर ठरलेलं, “फोनवर तू कुठूनबी बोलशील. गाडीवर हायेस का खड्ड्यात, मला काय दिसतंय?” हॉर्न म्हणावा तर सगळ्यांचे एकाच दुकानातले. गाणी सगळ्यांची तीच. पिकलेल्या डोळ्यांना समोरून येणारी ट्रॉली म्हणजे एक करडा डोंगर. त्यात तेवढा एक पिवळा ठिपका तिचा होता.

नव्या राघूच्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी दत्तूचा ॲक्सल तुटला. पुलाच्या अलीकडे तो तासन्‌तास मेकॅनिकची वाट बघत बसला. घरी पोचला तर आई भाकरी खाऊन, गोळी घेऊन, समाधानाने गोधडीत शिरलेली.

“आये, मी आत्ता येतुया!”

“मगाशीच की गेलास. राघू बघितला मी.”

तिने बघितला तो राघू दुसऱ्याच्या गाडीवरचा होता. माझ्या पाच राघूंपैकी एक. ही गोष्ट मला दत्तूने हसत-हसत सांगितली आणि मीही हसलो. पण आत्याला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिने राघूवरचा भरवसाच काढून टाकला. पिवळं काही दिसलं तरी उठायची नाही. रस्ता पार मोकळा होईपर्यंत, दत्तू गाडी उभी करून खाली उतरून तिच्यासमोर उभा राहीपर्यंत, बसून राहायची. आणि दत्तूला रोज थांबता यायचं नाही. एका संध्याकाळी ती त्याच दगडावरून कलंडली. पोटात काही नाही, शुगर उतरलेली. शेजारच्यांनी तोंडात साखर घातली, दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर दत्तूला म्हणाले, वेळेवर खायला घाला, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तू दुकानात आला आणि त्याने ट्रॅक्टर बंद केला. तेव्हाच मला कळलं, काम गंभीर आहे.

“पेंटर, जुना राघू काढा. त्योच. म्हातारी दुसऱ्या कशाला मानंना.”

जुना राघू माझ्याकडे होता. पालीने हार्ड डिस्कला हात लावला नव्हता; सगळ्या जुन्या फायली मी नव्यात उतरवून घेतल्या होत्या. राघूच्या फाइलवर क्लिक केलं. नवा प्रोग्राम म्हणाला, ही फाइल फार जुन्या आवृत्तीत आहे, उघडता येत नाही. बापाच्या जुन्या मित्राला पोराने दारातून ओळख न देता परत पाठवावं, तसं वाटलं. पण मीही मुरलेला. इंटरनेटवर एका ठिकाणी जुनी फाइल दिली की नवी करून मिळते. दिली. मिळाली. पडद्यावर तोच राघू! मागे बघणारी मान, तोच डोळा. कापला, घेतला आणि ट्रॅक्टरवर बसून थेट वस्तीवर गेलो. हुडावर साबणाचं पाणी मारलं, राघू चिकटवला, आत्याला दगडावर बसवलं आणि दत्तूला लांबून गाडी आणायला लावली.

आत्याने हाताचा आडोसा करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“बरा हाय,” ती म्हणाली. “पन कनीस कुठाय?”

“कणीस?”

“माझ्या राघूला कनीस हुतं.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राघूला कणीस? दत्तू म्हणाला, असंल बाबा, मी काय रोज हुडाकडं तोंड करून बसतो का? जुना फोटो शोधला. त्याच्या मोबाईलमध्ये ट्रॅक्टरचे फोटो ढीगभर, पण प्रत्येकात राघूच्या अंगावर झेंडूचा हार नाहीतर दत्तूचं डोकं.

मी म्हणालो, कणीस काय, आत्ता लावतो. दुकानात येऊन ज्वारीचं टपोरं कणीस काढलं आणि राघूच्या चोचीत दिलं. माझ्या मते ते माझं आजवरचं सर्वांत चांगलं चित्र. आत्या म्हणाली, “चोचीत न्हाई रे. शेपटीला.”

शेपटीला लावलं.

“ह्यो खराटा घिऊन कुठं निघालाय?”

दत्तू हसता हसता स्टिअरिंगवर पडला. मला मात्र घाम फुटला. कारण तिसऱ्या दिवशीही आत्या अंधार पडेपर्यंत दगडावर होती, आणि शेजारीण साखरेची पुडी हातात घेऊन तिच्यामागे उभी होती.

केडगावला माझा एक जुना स्नेही आहे, कुलकर्णी. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वडील शाळेत हेडमास्तर होते, त्यामुळे हा गिऱ्हाइकालाही नापास केल्यासारखं बोलतो. मी नवा कॉम्प्युटर आणि सीडी पिशवीत घालून नगरच्या एसटीत बसलो आणि त्याच्यापुढे सगळी कथा अभिनयासह सादर केली. पाल मेली तो प्रसंग तर त्याने दोनदा करायला लावला. मग चष्मा पुसून म्हणाला, “पेंटरसाहेब, फाइल तीच, राघू तोच, आणि कणीस नाही. म्हणजे कणीस फाइलीत नव्हतंच. ते प्रोग्रामात असणार.”

“प्रोग्रामात कणीस?”

“ते मला काय माहीत? चालवून बघू तो प्रोग्राम.”

“चालत नाही ना! तीच तर बोंब आहे.”

“नव्या सिस्टीमवर नाही चालणार. ती चौसष्ट बिटच्या घरातली, तुमची ती सीडी सोळा बिटच्या घरातली. त्यांची सोयरीक होत नाही. तुम्ही कितीही वेळा बटण दाबा, पाया पडा. पण नव्याच्या पोटात आपण एक जुना कॉम्प्युटर बसवू शकतो.”

“तो डबा?”

“डबा नाही हो. नुसता भास. आतला कॉम्प्युटर समजतो की तो खराच आहे, जुना काळ अजून चालू आहे. तुमचा कॉम्प्युटर गरोदर आहे असं समजा.”

दिवसभर हे बाळंतपण चाललं. आधी पोटातल्या कॉम्प्युटरला मेमरी जास्त दिली तर तो गांगरला. कमी दिली तेव्हा शांत झाला. मग नव्या पडद्याच्या मध्यभागी एक चौकट उघडली, आणि तिच्यात हळूहळू जुन्या सिस्टीमची ती ओळखीची हिरवी टेकडी आली, वर निळं आभाळ आणि पांढरे ढग. मी खरंच हात जोडले. नगरच्या कोरड्या कर्जत तालुक्यात बसून आम्ही वर्षानुवर्षं जी हिरवळ बघितली ती तेवढीच होती. दुष्काळातसुद्धा माझ्या दुकानात ती टेकडी हिरवी असायची, आणि लोक पाण्याच्या टँकरची वाट बघत तिच्यापुढे उभे राहायचे.

सीडी घातली. या वेळी निळी पाटी आली नाही. प्रोग्रामने परवान्याचा नंबर मागितला. नंबर सीडीच्या कव्हरवर होता आणि कव्हरवर कुठल्यातरी हंगामातला चहा सांडलेला. एक आकडा आठ की तीन, कळेना. कुलकर्ण्याने आठ घातला, नाही. तीन घातला, चाललं. आणि नऊ नंबर उघडला. तीच करडी खिडकी, तीच ठेंगणी बटणं. माझा हात आपोआप डावीकडे गेला आणि जे हवं होतं ते तिथेच होतं. कुलकर्णी म्हणाला, “याला इंटरनेट अजिबात दाखवू नका. बिचाऱ्याला आजकालचं जग झेपणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात मी आतल्या कॉम्प्युटरला कटरची वायर दिली. वायर बाहेरच्याला लागलेली, पण ती आतल्याची आहे असं त्याला पटवावं लागतं. एक बारीक खूण करायची असते, ती कुलकर्ण्याने शिकवली होती. दत्तू काउंटरवर कोपरं टेकून उभा. मी राघूची फाइल नऊ नंबरमध्ये उघडली आणि कापायला पाठवली.

चर्र, चर्र, चर्र. चोच झाली. चर्र, डोळा. पंख. मग पातं शेपटीवर आलं आणि त्याचा सूर बदलला. कट्. कट्. कट्कट्. कट्. मी खुर्चीतून उठलो. हा आवाज मी पूर्वी हजारदा ऐकला होता आणि पार विसरून गेलो होतो. मोठं डिझाइन पाठवलं की नऊ नंबर शेवटी-शेवटी दमायचा. मग त्याला गोल वळण गोल कापणं जमायचं नाही. तो ते बारीक-बारीक सरळ तुकड्यांत कापायचा. एक तुकडा लांब, एक आखूड, एक जरा वाकडा. पडद्यावर शेपटी कमानदार दिसायची आणि कागदावर तिच्या दोन्ही कडांना दाते पडायचे. बहुतेक वेळा मी ते पुन्हा कापायचो. दत्तूच्या वेळी पुन्हा कापायला वेळ नसणार. पहिली खेप असणार दुसऱ्या दिवशी.

मी भोवतीचं नको ते रेडियम सोलून काढलं. शेपटीच्या कडांना दोन्ही बाजूंनी ओळीने उभे दाणे. लांबून, डोळे बारीक करून बघितलं. कणीस! अगदी भरलेलं, हुरड्याला आलेलं.

“आयला,” दत्तू म्हणाला, “म्हंजी तुमी काम बिघडवलं हुतं त्येचं कनीस झालं व्हय!”

मी त्याला बाहेर जाऊन ट्रॅक्टर चालू करायला सांगितलं.

तो जाताच मी एक गोष्ट करून बघितली. नव्या प्रोग्राममध्ये राघू घेऊन शेपटीला मुद्दाम तसेच दाते पाडायचा प्रयत्न केला. बँकेच्या पायऱ्या दिसायला लागल्या. कमी-जास्त केले, तर करवत. मुद्दाम करायला गेलं की चूक होत नाही, नक्षी होते. नऊ नंबर बिचारा मनापासून गोल कापायला निघायचा आणि रस्त्यात दमायचा. ते दमणं मला कुठून आणता येणार?

संध्याकाळी मी आधीच वस्तीवर जाऊन आत्याशेजारी दगडावर बसलो. थंडी उतरत होती. समोरच्या शेतात हरभरा, मागे ऊस, रस्त्यावर एकामागून एक ट्रॅक्टर. एक पिवळा राघू गेला, त्या चारांपैकी. आत्या ढिम्म. दुसरा गेला. तिने तोंड फिरवलं. मला तिची ताटली दिसत होती, फडक्याखाली झाकलेली भाकरी आणि त्यावर गोळीचं पाकीट. शेजारीण दारात उभी होती.

मग वळणावरून आणखी एक करडा डोंगर आला. मावळतीचं ऊन समोरून हुडावर पडलेलं. गुळगुळीत शेपटीवर ऊन एकदाच चमकून सरकतं. या शेपटीच्या प्रत्येक दात्यावर ते वेगवेगळं लागत होतं आणि ट्रॅक्टर हादरेल तसं लखलखत होतं. आत्याने आडोसा केला नाही, मान पुढे केली नाही. नुसती उठली.

“आला,” म्हणाली. आणि फडकं बाजूला केलं.

दत्तू थांबला नाही. हॉर्न वाजवत गेला. आत्याने पहिला घास घेतला तेव्हा मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील. ती म्हणाली, “तू काय बसलायस? तुला घर न्हाई का?”

त्यानंतर माझ्या काळ्या चपट्या कॉम्प्युटरच्या पोटात ती हिरवी टेकडी कायमची राहिली आहे. सिस्टीम नवी होत जाते. दर काही महिन्यांनी ती म्हणते, मी आता सुधारतेय, मला बंद करू नका. मी म्हणतो, सुधार बाई, पण पोटातल्याला धक्का लावू नकोस. दोनदा धक्का लागला, दोनदा केडगावची एसटी पकडली. कुलकर्णी मला दारात बघूनच विचारतो, “काय, कळा सुरू झाल्या?” दुकानात येणारी तरणी पोरं ती चौकट बघून हसतात. त्यांना मी सांगत नाही की आत कोण आहे. हंगामाचे चार ट्रॅक्टर तरी आता असे आहेत की त्यांच्या घरच्यांना नऊ नंबरचंच काम लागतं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी विचारत नाही.

यंदा हंगामाआधी आत्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. नातवंडांनी नगरला नेलं, तिला सांगितलं शुगर तपासायला चाललोय. एक डोळा झाल्यावर दुसऱ्यासाठी तीच मागे लागली. परवा मी त्या बाजूला गेलो होतो, तर दगडावर आत्या. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात काठी, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांवर शेरे. मी शेजारी बसलो. तेवढ्यात वळणावरून दत्तू आला. आत्याने गॉगल कपाळावर चढवला आणि राघूकडे निरखून बघितलं.

“पेंटर,” ती म्हणाली, “मला वाटायचं, राघूच्या शेपटीला कनीस हाय. ही तर उंदरानं कुरतडल्यावानी हाय की रं! ह्याच्यापायी मी इतकं हंगाम उपाशी बसले व्हय?”

“आता नवीन मशीन आहे आत्या. एकदम झकास कापून देतो.”

“दे. कपाटावर लाव माझ्या. हिरवा दे.”

“आणि गाडीवरचा? तोही बदलू?”

“त्यो नगं. त्यो ऱ्हाऊ दे तसाच.”

“का? आता तर बिघडलेला दिसतोय ना तुला?”

दत्तू हॉर्न वाजवत पुढून गेला. आत्याने तो पार पुलापर्यंत जाईतो बघितला आणि भाकरीवरचं फडकं काढलं.

“चांगलं राघू काय,” ती म्हणाली, “सगळ्यांच्याच गाडीवर हाईत.”